पगार होता वर्षाला फक्त ३०० डॉलर, पण एका खेड्यातल्या चर्चनं हात वर केले आणि अमेरिकेला पहिली महिला पाळक मिळाली

समजा तुमच्यासमोर दोन ऑफर आहेत.

पहिली ऑफर न्यूयॉर्कसारख्या शहरातली. वर्षाला १००० डॉलर पगार, राहण्याखाण्याची सोय आणि बोलायला हक्काचा हॉल. ऑफर देणारी माणसंही साधीसुधी नाहीत. त्या काळातला देशातला वजनदार संपादक त्यात आहे.

दुसरी ऑफर खेड्यातली. वर्षाला ३०० डॉलर आणि एक छोटंसं चर्च.

आपल्यापैकी दहातल्या नऊ जणांनी पहिली ऑफर डोळे झाकून घेतली असती. पण १८५३ मध्ये एका २७ वर्षांच्या मुलीनं दुसरी घेतली. तिचं नाव अँटोनेट ब्राऊन. अमेरिकेतल्या एखाद्या प्रस्थापित प्रोटेस्टंट पंथात मंडळीची पाळक म्हणून रीतसर दीक्षा मिळालेली पहिली बाई म्हणून पुढं तिचं नाव इतिहासात गेलं.

आता साल बघा. १८५३ म्हणजे आपल्याकडं बोरीबंदर ते ठाणे पहिली रेल्वे धावली ते वर्ष. सावित्रीबाईंनी पुण्यात शाळा सुरू करून पाचच वर्षं झाली होती. अमेरिकेतही बायकांना मताचा अधिकार नव्हता. भर सभेत बाई बोलायला उभी राहिली तर लोक आरडाओरडा करायचे.

मग अशा काळात एक खेडेगावातलं चर्च बाईला आपली पाळक कसं काय करू शकलं? याचं उत्तर ते चर्च चालायचं कसं, यात आहे. तिची गोष्ट आणि त्या चर्चचा कारभार, दोन्ही सोबतच समजून घ्यावं लागतं.

नऊ वर्षांची सभासद

अँटोनेटचा जन्म २० मे १८२५ चा. न्यूयॉर्क राज्यात रॉचेस्टर शहराजवळ हेन्रिएटा नावाचं गाव आहे, तिथला. घरात शेती आणि बऱ्यापैकी धार्मिक वातावरण. ब्राऊन कुटुंब जायचं काँग्रेगेशनल चर्चला.

इथं थोडं थांबून हा प्रकार समजून घेऊ.

चर्च म्हणलं की आपल्या डोळ्यांपुढं साधारण एक उतरंड येते. वर पोप, खाली बिशप, त्याखाली फादर. वरून आदेश येणार, खालच्यांनी पाळायचा. काँग्रेगेशनल पंथात ही उतरंडच नाही. काँग्रेगेशन म्हणजे जमलेली मंडळी, आणि मालक तीच. प्रत्येक गावचं चर्च स्वतंत्र. पाळक कोण असावा, त्याला पगार किती द्यायचा, नवा सभासद घ्यायचा का, कुणाला काढायचं का, हे सगळं सभासद सभेत बसून ठरवणार.

सोप्या भाषेत सांगायचं तर हाउसिंग सोसायटीची एजीएम असते ना, तसंच. वॉचमनपासून चेअरमनपर्यंत सगळं सोसायटीच ठरवते, शेजारच्या सोसायटीला त्यात पडायचा हक्क नसतो. ते फार तर सल्ला देतील.

ही पद्धत अमेरिकेत आली ती १६२० मध्ये मेफ्लॉवर जहाजातून आलेल्या लोकांबरोबर. १६४८ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये या चर्चच्या प्रतिनिधींनी बसून आपली नियमावली लिहून काढली. तिला केंब्रिज प्लॅटफॉर्म म्हणतात. स्थानिक मंडळी आपले पदाधिकारी स्वतः निवडू शकते आणि शेजारच्या चर्चचं मंडळ फक्त सल्ला देऊ शकतं, हुकूम नाही, हे त्यात स्पष्ट लिहिलेलं आहे. दोनशे वर्षांनी याच कलमाचा फायदा एका मुलीला होणार होता.

तर या चर्चमध्ये कुणी जन्मानं आपोआप पूर्ण सभासद होत नसे. बाप्तिस्मा लहानपणी व्हायचा, पण सभासद व्हायचं तर मंडळीसमोर उभं राहून आपला विश्वास आपल्या शब्दांत सांगावा लागायचा. लोक प्रश्न विचारायचे, मग निर्णय व्हायचा. हे साधारण मोठ्या माणसांचं काम. अँटोनेटनं हे नवव्या वर्षी केलं आणि ती पास झाली. पुढं प्रार्थना सभेतही ती बोलायला लागली. गावातल्या लोकांना त्यात गैर वाटलं नाही, कारण पोरगी हुशार होती आणि सभासद होती.

कॉलेजनं शिकवलं, पण पदवी दिली नाही

सोळाव्या वर्षी ती शाळेत शिकवायला लागली. पैसे साठवले आणि १८४६ मध्ये ओहायोतल्या ओबर्लिन कॉलेजमध्ये दाखल झाली.

ओबर्लिन म्हणजे त्या काळचं सगळ्यात पुढारलेलं कॉलेज. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना १८३५ पासून आणि मुलींना १८३७ पासून तिथं प्रवेश होता. पण पुढारलेपणालाही मर्यादा होत्या. मुलींनी वर्गात बसावं, ऐकावं, पण मुलांसमोर वादविवाद करू नये असा दंडक होता. मग अँटोनेट आणि तिची मैत्रीण ल्युसी स्टोन यांनी काही मुलींना घेऊन गुपचूप वादविवाद मंडळ सुरू केलं. ही ल्युसी स्टोन पुढं अमेरिकेच्या स्त्री हक्क चळवळीतलं मोठं नाव झाली.

१८४७ मध्ये मुलींसाठी असलेला साहित्याचा कोर्स संपला. आता घरी जायचं, नाहीतर शाळेत शिकवायचं. पण अँटोनेटनं सांगितलं की मला धर्मशास्त्र शिकायचं आहे, पाळक व्हायचं आहे.

कॉलेजची पंचाईत झाली. नियमात मुलींना बंदी असं कुठं लिहिलेलं नव्हतं, कारण कुणी मुलगी असं काही मागेल हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. शेवटी मधला मार्ग काढला. वर्गात बस, पण अधिकृत विद्यार्थी म्हणून नाव लागणार नाही.

ती बसली. एवढंच नाही, तर बायकांनी मंडळीत गप्प राहावं असं सांगणारी संत पौलाच्या पत्रातली जी वचनं तिच्या तोंडावर फेकली जायची, त्यांच्यावरच तिनं अभ्यास करून निबंध लिहिला. पौलाचा रोख सगळ्या बायकांच्या सगळ्या बोलण्यावर नव्हता, अशी तिची मांडणी होती. १८४९ मध्ये हा निबंध ओबर्लिनच्या त्रैमासिकात छापून आला.

१८५० मध्ये तिचा अभ्यासक्रम पूर्ण झाला. पदवी मिळाली नाही. कॉलेजनं दीक्षेसाठी शिफारसही केली नाही.

गावोगाव भाषणं

पुढची दोन-तीन वर्षं अँटोनेट ब्राऊन यांनी दौरे केले. गुलामगिरी बंद करा, दारूबंदी करा, बायकांना हक्क द्या, या तीन विषयांवर त्या बोलायच्या. १८५० मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टर इथं राष्ट्रीय पातळीवरचं पहिलं स्त्री हक्क अधिवेशन झालं, तिथंही त्या बोलल्या. रविवारी कुणी चर्चमध्ये बोलायची संधी दिली तर प्रवचन करायच्या.

त्यांचं बोलणं ऐकून न्यूयॉर्क ट्रिब्यून या पेपरचे संपादक होरेस ग्रीली आणि त्यांचे सहकारी चार्ल्स डेना यांनी ती सुरुवातीला सांगितलेली १००० डॉलरची ऑफर दिली. अँटोनेट यांनी नाही म्हणलं. एवढ्या मोठ्या शहरात, एवढ्या मोठ्या लोकांपुढं दर आठवड्याला उभं राहायचा अनुभव आपल्याकडं नाही, असं त्यांना वाटत होतं. आधी छोट्या ठिकाणी काम शिकायचं होतं.

आणि अशात साउथ बटलर आलं.

साउथ बटलर नावाचं खेडं

न्यूयॉर्क राज्यातच, वेन काउंटीत हे गाव आहे. चर्च छोटं, सभासद शेतकरी आणि कारागीर. पण या चर्चचा एक जुना रेकॉर्ड होता. दहाएक वर्षांपूर्वी, १८४१ ते १८४३ या काळात इथल्या गोऱ्या मंडळीनं सॅम्युअल रिंगगोल्ड वॉर्ड यांना पाळक म्हणून ठेवलं होतं. वॉर्ड हे गुलामगिरीत जन्मलेले कृष्णवर्णीय होते. अमेरिकेत गुलामगिरी अजून कायद्यानं चालू असताना गोऱ्या लोकांच्या एका चर्चनं कृष्णवर्णीय माणसाला आपला पाळक म्हणून नेमलं होतं.

म्हणजे लोक काय म्हणतील याची फार फिकीर न करणारी ही मंडळी. त्यांनी अँटोनेट यांना बोलावलं आणि त्या आल्या.

आठवडा कसा जायचा?

त्या काळच्या छोट्या काँग्रेगेशनल चर्चचा आठवडा साधारण ठरलेला असायचा.

रविवारी दोन उपासना, एक सकाळी आणि दुसरी दुपारी किंवा संध्याकाळी. दोन्हीला प्रवचन हवंच आणि तेही लांबलचक. मध्ये मुलांची रविवारची शाळा. आठवड्याच्या मधल्या एका संध्याकाळी प्रार्थना सभा, तिथं साधे सभासदही उठून बोलायचे. उरलेल्या दिवसांत पाळकानं घरोघर जायचं. कोण आजारी आहे, कुणाच्या घरी भांडण आहे, कुणी बरेच रविवार फिरकलं नाही, हे बघायचं. शिवाय लग्नं आणि अंत्यविधी. आणि या सगळ्यातून वेळ काढून पुढच्या रविवारची दोन प्रवचनं तयार करायची.

प्रभुभोजनाचा विधी काही आठवड्यांतून एकदा व्हायचा. त्या वेळी भाकर आणि द्राक्षरस वाटायला डीकन मदत करायचे. डीकन म्हणजे सभासदांनी निवडलेले सेवक, गरीब सभासदांच्या मदतीचा पैसाही तेच बघायचे. एक कारकून असायचा, तो सभासदांची यादी आणि सभेचे ठराव वहीत लिहायचा. इमारत, जमीन आणि पगाराचे पैसे बघायला बऱ्याच ठिकाणी ट्रस्टी वेगळे असायचे.

पैसा कुठून यायचा? वरून कुणी देणारं नाहीच. घरटी वर्गणी, नाहीतर बसायच्या बाकांचं भाडं. पीक बुडालं की पाळकाचा पगार थकला, हे तर सर्रास चालायचं.

आणि यातली गंमत बघा. बहुतेक चर्चमध्ये बायकांची संख्या पुरुषांपेक्षा जास्त असायची. रविवारची शाळा त्या चालवायच्या, शिवणकामाच्या मंडळातून पैसे त्या उभे करायच्या. पण मतदानाची वेळ आली की अनेक चर्चमध्ये त्यांनी गप्प बसायचं. सगळ्यांचं राज्य म्हणायचं, पण त्यातल्या अर्ध्याहून जास्त लोकांना आवाज नाही.

या पार्श्वभूमीवर साउथ बटलरमध्ये बाई थेट व्यासपीठावर उभी होती.

१५ सप्टेंबर १८५३

अँटोनेट यांचं काम बघून मंडळीनं ठरवलं की यांना रीतसर दीक्षा द्यायची. दीक्षा मिळाली की पाळकाला बाप्तिस्मा, प्रभुभोजन आणि लग्न लावण्याचा पूर्ण अधिकार येतो.

रिवाज असा होता की दीक्षेला शेजारच्या चर्चच्या पाळकांना बोलवायचं आणि त्यांच्या साक्षीनं समारंभ करायचा. पण बाईच्या दीक्षेला आपल्याच पंथातले नामवंत पाळक यायला उत्सुक नव्हते. मग वेस्लियन मेथडिस्ट पंथाचे ल्यूथर ली यांना बोलावलं. ते गुलामगिरीविरोधी चळवळीतले खंदे कार्यकर्ते.

समारंभाच्या थोडे दिवस आधीच अँटोनेट न्यूयॉर्क शहरातल्या जागतिक दारूबंदी अधिवेशनाला प्रतिनिधी म्हणून गेल्या होत्या. त्या बोलायला उभ्या राहिल्यावर सभागृहातल्या पुरुषांनी, ज्यात पाळकही होते, एवढा गोंधळ घातला की त्यांना बोलताच आलं नाही. त्या बराच वेळ मंचावर उभ्या राहिल्या आणि शेवटी न बोलता खाली उतरल्या.

म्हणजे देशभरातल्या मान्यवरांनी त्यांना पाच मिनिटं बोलू दिलं नाही आणि त्याच महिन्यात एका खेड्यानं त्यांना कायमचं व्यासपीठ दिलं.

१५ सप्टेंबरला दीक्षा झाली. ख्रिस्तात स्त्री-पुरुष भेद उरत नाही, या अर्थाच्या बायबलमधल्या वचनावर ल्यूथर ली यांनी प्रवचन केलं. आम्ही आज यांना पाळक बनवायला आलेलो नाही, देवानं ते आधीच केलंय, आम्ही फक्त साक्ष द्यायला आलो आहोत, असा त्यांच्या बोलण्याचा सूर होता.

दीक्षा खरी का खोटी यावर बाहेर चर्चा रंगल्या. पण काँग्रेगेशनल पद्धतीत ती रद्द करू शकेल असा वरिष्ठच कुणी नव्हता. साउथ बटलरच्या सभासदांनी ठरवलं होतं, विषय संपला.

मग एका वर्षात राजीनामा का?

इथून गोष्ट अवघड होते.

जुलै १८५४ मध्ये, म्हणजे दीक्षेला वर्ष व्हायच्या आत अँटोनेट ब्राऊन यांनी पद सोडलं.

गावानं त्रास दिला म्हणून नाही. प्रश्न त्यांच्या आतला होता. त्या काळच्या कडक शिकवणीनुसार तारण न झालेला माणूस नरकात जाणार, आणि पाळकानं हे लोकांना ठणकावून सांगायचं असायचं. लहान बाळंही याला अपवाद नाहीत असं मानणारे लोक मंडळीत होते. गावात बाळं दगावली. समोर बसलेल्या आईबापांना तुमचं लेकरू कायमच्या शिक्षेला गेलं असं सांगणं अँटोनेट यांना शक्य नव्हतं. मरणाच्या दारात असलेल्या माणसाला नरकाची भीती घालणंही त्यांना जमेना.

मोठ्या शहरातल्या हॉलमध्ये हे खपून गेलं असतं. भाषण करायचं आणि घरी जायचं. पण खेड्यातल्या पाळकाला सुटका नसते. ज्याच्या बाळाचा अंत्यविधी केला, त्याच्याच घरी पुढच्या आठवड्यात भेटीला जायचं असतं आणि रविवारी तोच समोरच्या बाकावर असतो. मंडळीनं ज्या विश्वासावर आपल्याला निवडलं, त्यावरच आपला विश्वास उरला नसेल तर त्या जागी राहणं बरोबर नाही, अशी त्यांची भूमिका झाली. तब्येतही ढासळली होती. त्या हेन्रिएटाला घरी परतल्या.

टीकाकारांना आयतं कोलीत मिळालं. बाईला झेपलं नाही, असं म्हणणं आता सोपं होतं.

पुढची ६७ वर्षं

पण त्यांचं काम थांबलं नाही. १८५५ मध्ये त्या न्यूयॉर्कच्या झोपडपट्ट्या आणि तुरुंगांत फिरल्या आणि जे बघितलं ते ग्रीलींच्या पेपरात लिहिलं.

१८५६ च्या जानेवारीत त्यांनी सॅम्युअल ब्लॅकवेल यांच्याशी लग्न केलं. अमेरिकेत वैद्यकीय पदवी मिळवणारी पहिली महिला एलिझाबेथ ब्लॅकवेल, या त्यांच्या नणंद. आणि सॅम्युअल यांचे भाऊ हेन्री यांच्याशी ल्युसी स्टोनचं लग्न आधीच झालं होतं. म्हणजे कॉलेजच्या दोन मैत्रिणी एकमेकींच्या जावा झाल्या.

त्यांना सात मुलं झाली, त्यातली दोन बाळपणीच गेली. पाच मुली मोठ्या झाल्या, त्यातल्या दोघी डॉक्टर झाल्या. संसार सांभाळत त्या विज्ञान आणि तत्त्वज्ञान वाचत राहिल्या. १८७५ मध्ये त्यांचं 'द सेक्सेस थ्रूआउट नेचर' हे पुस्तक आलं. उत्क्रांती मान्य, पण स्त्री ही पुरुषापेक्षा कमी विकसित असते हा डार्विन आणि स्पेन्सर यांचा निष्कर्ष चुकीचा आहे, असं त्यांनी त्यात मांडलं.

१८७८ मध्ये त्या युनिटेरियन पंथात गेल्या. तिथं नरकाच्या शिकवणीची सक्ती नव्हती. त्याच वर्षी ओबर्लिननं त्यांना मानद एमए दिली आणि १९०८ मध्ये धर्मशास्त्राची मानद डॉक्टरेट. अभ्यासक्रम पूर्ण झाल्यावर तब्बल ५८ वर्षांनी.

पतीच्या निधनानंतर, वयाच्या ७८ व्या वर्षी, म्हणजे १९०३ मध्ये त्यांनी न्यू जर्सीतल्या एलिझाबेथ शहरात एका युनिटेरियन चर्चची स्थापना करायला मदत केली. १९२० मध्ये अमेरिकेतल्या बायकांना मताचा अधिकार मिळाला. १८५० च्या वूस्टर अधिवेशनात भाग घेतलेल्यांपैकी हा दिवस बघायला त्या एकट्याच उरल्या होत्या. ९५ व्या वर्षी त्यांनी राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत मत टाकलं. ५ नोव्हेंबर १९२१ ला, ९६ व्या वर्षी त्यांचं निधन झालं.

आपल्याशी याचा काय संबंध?

आहे. १८१३ मध्ये मुंबईत आलेलं अमेरिकन मिशन, ज्याला पुढं अमेरिकन मराठी मिशन म्हणलं गेलं, ते मुख्यतः याच काँग्रेगेशनल लोकांचं होतं. अहमदनगर, म्हणजे आजचं अहिल्यानगर, हे त्यांचं मोठं केंद्र. जोतीराव फुलेंनी नगरमध्ये मुलींच्या ज्या शाळा बघितल्या, त्या चालवणाऱ्या सिंथिया फरार याच मिशनच्या. गंमत म्हणजे परदेशात शाळा काढायला हे मिशन अविवाहित बाईला पाठवत होतं, पण मायदेशात बाईनं प्रवचन द्यावं का, यावर त्याच पंथातले लोक भांडत होते.

साउथ बटलरच्या सभासदांची नावं आज कुणाला माहीत नाहीत. ज्या कॉलेजनं पदवी नाकारली आणि ज्या अधिवेशनानं बोलू दिलं नाही, तिथली माणसं जास्त शिकलेली आणि जास्त नावाजलेली होती. पण वरून परवानगी येण्याची वाट न बघता निर्णय घेण्याचा अधिकार या खेड्यातल्या लोकांकडं होता आणि त्यांनी तो वापरला. त्यांची पाळक वर्षभरही टिकली नाही हे खरं. पण तिच्यानंतर पाळक व्हायचं म्हणणाऱ्या प्रत्येक मुलीला, असं कधी झालंच नाही, हे उत्तर देता येणं मात्र तिथून पुढं बंद झालं.